माळ घाला, पण आधी डॉक्टरांकडे जा

थोडी घेतली की झोप लागते, असं ज्या घरात बोललं जातं, त्या घरासाठी मी हे लिहिते आहे. इचलकरंजीत आमच्याकडेही असंच सुरू झालं. आमचे हे यंत्रमाग कारखान्यात जॉबर. रातपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप येत नाही, डोक्यात मागांचा खडखडाट चालूच राहतो. कुणीतरी क्वार्टरचा उपाय सांगितला आणि सुरुवातीला तो लागूही पडला.

फसगत इथेच होते. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरू लागली की झोप चाळवते आणि मनाला विसावा मिळतच नाही. हे घामाघूम होऊन उठायचे. छातीत धडधड, काहीतरी वाईट घडणार ही धास्ती. ती घालवायला पुन्हा दारू. हळूहळू जेवण तुटलं, भजनाला जाणं सुटलं, ‘माझा कुणाला उपयोग नाही’ असं बोलणं सुरू झालं. मग संशय आला. मी फोनवर कुणाशी बोलले, दुकानातून यायला उशीर का झाला, यावरून रात्र रात्र भांडणं. मन उदास आहे म्हणून पितात, असं सगळे म्हणायचे. ते निम्मंच खरं होतं. पिण्यामुळेही मन उदास होत होतं.

आषाढी एकादशीला ह्यांनी माळ घातली आणि त्याच दिवशी दारू बंद केली. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले, अन्न पोटात ठरेना. तिसऱ्या रात्री हे भिंतीसमोर उभं राहून हवेतला तुटलेला धागा सांधत होते. आपण कारखान्यात आहोत असंच त्यांना वाटत होतं. अंग तापलेलं, मला ओळखत नव्हते. बाहेरचं काहीतरी झालं म्हणून नात्यातल्या कुणी अंगारा आणला. शेजारच्या आशाताईंनी मात्र एकच विचारलं, ‘दादांनी दारू कधी सोडली?’ आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं ते प्रत्येक घराला ठाऊक हवं. दारू मेंदूची गती मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्यावर मात करण्यासाठी जास्त जोराने चालायला शिकतो. दारू एकदम थांबली की ब्रेक सुटलेल्या मागासारखा तो सैरावैरा धावतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं. उपचार मिळाले नाहीत तर हे जिवावर बेततं. ह्यांना शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी केली, आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. दारुड्याच्या शरीरात ते कमी पडतं आणि त्याची स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

भ्रम गेला, उदासी राहिली. दारूने आलेली उदासी बहुधा दारू सुटल्यावर काही आठवड्यांत ओसरते. ह्यांची ओसरली नाही, म्हणून मनोविकारतज्ज्ञांनी वेगळी औषधं आणि समुपदेशन सुरू केलं. संशय त्यानंतर कमी होत गेला.

म्हणून सांगते. रोज पिणाऱ्याला शपथ घालून, खोलीत कोंडून एका दिवसात दारू सोडायला लावू नका. माळ जरूर घाला, तिचा आधार मोठा आहे, पण आधी डॉक्टरांकडे जा आणि किती व कधीपासून पितात ते खरं सांगा. चहा-जेवणातून नकळत देण्याच्या पावडरी आणू नका. दारू सोडवण्याचं औषध रुग्णाला न सांगता दिलं आणि तो प्यायला, तर जीव धोक्यात येतो. दारूवर झोपेची गोळी कधीही देऊ नका, श्वास मंदावतो. ‘जगून काय करू’ हे वाक्य नशेतलं म्हणून सोडून देऊ नका.

हा आजार आहे, हे कायद्यानेही मान्य केलं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरल्या आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या सभा अनेक गावांत भरतात, आणि घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. तिथे माझ्यासारख्या बायका भेटतात, तेव्हा आपण एकट्या नाही हे कळतं.

पिणाऱ्याच्या मनाबरोबर घरातल्या सगळ्यांचं मन होरपळतं. त्यामुळे मदत मागताना लाजू नका. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. हे दोन्ही क्रमांक आजच घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा, आणि दारू सोडायचं ठरलं की पहिला फोन तिथे करा.