नव्या पुस्तकांचे कपाट

'तुमच्यापैकी कितीजण सार्वजनिक ग्रंथालयात जातात?' असा प्रश्न मी दर वर्षी वर्गात विचारतो. बरेच हात वर येतात. 'कशासाठी?' असे विचारले की उत्तर बहुधा एकच मिळते : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला. जागा शांत असते, पंखा असतो, आणि दिवसभर कोणी उठवत नाही. पुस्तक घरी नेण्यासाठी जाणारे थोडे, आणि आत शिरल्याबरोबर नव्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळणारे तर त्याहून थोडे. या लेखात मला त्या एका कपाटाविषयीच लिहायचे आहे. आपल्या दोन भाषांच्या गावात त्याचे मोल काही वेगळेच आहे, आणि ते मला फार उशिरा, एका विद्यार्थिनीमुळे कळले.

प्रथम 'नवे' म्हणजे काय ते पाहू. ग्रंथालयाच्या भाषेत नवे म्हणजे नुकतेच लिहिलेले नव्हे, नुकतेच दाखल झालेले. पुस्तक आले की ते बिलाशी ताडून पाहतात, दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते, त्याला दाखल क्रमांक मिळतो, ग्रंथालयाचा शिक्का बसतो. मग त्याचा विषय ठरवून वर्गांक देतात, तो पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहितात, आणि शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद चिकटवतात. एवढे संस्कार झाल्यावर ते काही दिवस दर्शनी कपाटात राहते, आणि पुढे आपल्या वर्गात जाऊन बसते. म्हणून नव्या कपाटातले पुस्तक उचलले की शीर्षकपान उलटून मागची बाजू जरूर वाचावी. पहिली आवृत्ती कोणत्या साली निघाली, हातातली प्रत नवी आवृत्ती आहे की नुसते पुनर्मुद्रण, अनुवाद असल्यास मूळ पुस्तक कोणते, हे सारे तेथे असते. अभ्यास करणाऱ्याने ही सवय पहिल्याच वर्षी लावून घ्यावी.

आता वर्गांकाकडे येऊ. अमेरिकेतील मेलविल ड्यूई यांनी १८७६ साली आपली दशांश पद्धती प्रसिद्ध केली. सर्व ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, अशी ती रचना. ८०० हा आकडा साहित्याचा. त्यात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आणि कन्नड साहित्याचा ८९४.८१४. मराठी ही इंडो-आर्यन कुळातली, कन्नड द्राविड कुळातली, म्हणून हे अंतर. त्यापुढचा १ काव्याचा, २ नाटकाचा, ३ कथा-कादंबरीचा. म्हणजे मराठी कादंबरी ८९१.४६३ येथे, तर कन्नड कादंबरी ८९४.८१४३ येथे. गल्लीत ज्यांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत, त्या दोन भाषा ग्रंथालयात मात्र दोन वेगवेगळ्या कपाटांत जातात. शास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नाही.

आता माझी फजिती सांगतो. एस. एल. भैरप्पा यांची 'पर्व' ही कादंबरी मला मराठीत वाचायची होती. महाभारतातील चमत्कार बाजूला सारून माणसांची कथा सांगणारी ही कन्नड कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली, आणि उमा कुलकर्णी यांनी ती मराठीत आणली. मी एका ग्रंथालयातील मराठी कादंबऱ्यांचे कपाट दोन आठवड्यांत तीनदा वरपासून खालपर्यंत पाहिले. पुस्तक नव्हते. कोणीतरी नेले असेल असे समजून मी परत फिरत होतो, तोच आपल्या महाविद्यालयाच्या कन्नड विभागातील एक विद्यार्थिनी भेटली. काय शोधतो आहे ते सांगितल्यावर ती म्हणाली, "सर, ते आमच्या बाजूला आहे की. मी रोज बघते, पण मराठीत आहे म्हणून उचलत नाही."

खरोखरच ते तेथे होते. ड्यूईच्या पद्धतीत साहित्यकृतीचा अनुवाद मूळ भाषेच्या वर्गात जातो. त्यामुळे मराठी अक्षरांतले 'पर्व' कन्नड कपाटात बसले होते. ज्यांना ते वाचता येत होते ते त्या कपाटाकडे फिरकत नव्हते, आणि ज्यांच्या नजरेसमोर ते रोज होते त्यांना ते मराठीत नको होते. उलट बाजूही तशीच. विरुपाक्ष कुलकर्णी यांनी मराठी पुस्तके कन्नडमध्ये नेली. नियमाप्रमाणे ती मराठीच्या वर्गात जातात, आणि कन्नड वाचणारा तेथे कशाला येईल? मी त्या मुलीला आमच्या कपाटाशी नेले आणि तसे पुस्तक शोधून दिले. तिलाही नवल वाटले. काही वाचनालये अनुवाद वाचकाच्या भाषेतच ठेवतात. पण नियम ठाऊक नसेल तर वाचक माझ्यासारखाच रिकाम्या हाताने परततो. म्हणून कपाट पाहून 'पुस्तक नाही' असे ठरवू नये. सूचीत लेखक, शीर्षक आणि अनुवादक या तिन्ही नावांनी शोधावे.

या जोडप्याच्या कामाची रीत विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. विरुपाक्षांनी कन्नड मजकूर वाचून दाखवायचा, आणि उमाताईंनी तो ऐकून मराठीत उतरवायचा. उमाताईंचा जन्म बेळगावचा. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला १९८९ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. म्हणजे शेजारची लिपी सफाईने वाचता येत नाही ही सबब आपल्या गावच्या माणसाने केव्हाच निकालात काढली आहे. आणि द. रा. बेंद्रे? घरची भाषा मराठी, पण १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो कन्नड काव्यासाठी. मराठीतही त्यांनी लिहिले. अशा माणसाला एका कपाटात बसवणे ग्रंथपालालाही जड जाते.

आता नव्या पुस्तकांच्या कपाटाचे मोल ध्यानात येईल. साऱ्या ग्रंथालयात हे एकच कपाट असे की जेथे पुस्तके आल्या क्रमाने उभी असतात. मराठी कवितासंग्रहाला खेटून कन्नड नाटक, त्याच्या शेजारी शेतीचे पुस्तक, त्याच्या शेजारी अनुवाद. वर्गवारीच्या भिंती उभ्या राहण्यापूर्वीचे ते थोडे दिवस. जे पुस्तक पुढे वर्षानुवर्षे 'त्यांच्या बाजूला' राहणार असते, ते तेवढ्या दिवसांत आपल्या हाताला लागू शकते.

पण त्या कपाटात काय यावे हे कोण ठरवते? पुष्कळदा कोणी मागतच नाही, म्हणून जे सहज मिळते ते येते. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडील आद्य आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा त्यांतील दोहोंचा आशय आहे. पण वाचकाने तोंडच उघडले नाही तर बिचारा सिद्धांत काय करणार? आपल्या गावात दोन्ही परंपरा आहेत. १८४८ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय लोकांच्या आस्थेवर उभे राहिले. आणि कर्नाटकच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो. म्हणजे घरपट्टी भरणारे प्रत्येक घर पुस्तकांसाठी पैसे देतच असते. पैसे आपण दिले असताना मागणी करायला संकोच कशाला?

मागणी मात्र नीट करावी. 'चांगल्या कादंबऱ्या आणा' असे लिहिण्यात अर्थ नाही. लेखक, शीर्षक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्तीचे साल आणि पुस्तकाचा प्रमाण क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, एवढे लिहावे. २००७ पासून हा क्रमांक तेरा आकडी आहे. एकाने मागण्यापेक्षा चौघांनी मागावे, आणि आलेले पुस्तक त्या चौघांनी खरोखर वाचावे.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून मागणीच्या वहीत दोन ओळी लिहिल्या : एक मराठीत आलेल्या कन्नड पुस्तकासाठी, एक कन्नडमध्ये गेलेल्या मराठी पुस्तकासाठी. दोन्ही ओळींखाली दोघांच्याही सह्या केल्या. हा अंक हातात पडल्यावर येत्या शनिवारी तुम्हीही जा. दोन पुस्तके मिळत असतील तर एक आपल्या भाषेतले घ्या, आणि दुसरे शेजारच्या भाषेतून आलेले.