आधी मागचं झाकण उघडा

उज्जैनच्या पटनी बाजारातल्या एका सराफाने मामांचं सोन्याचं घड्याळ कसोटीवर घासलं, मशीन आणि काचेसकट काट्यावर ठेवलं, वजनातून अंदाजाने काट धरली आणि आकडा सांगितला. आतल्या मशीनचं काय, असं मी विचारलं. "मशीन का क्या, भाव तो सोने का मिलेगा." त्याच संध्याकाळी फ्रीगंजमधल्या एका ओळखीच्या माणसाने फोनवर फोटो पाहिला आणि थेट लाखांची भाषा केली.

मामा गेल्यानंतरची गोष्ट. घड्याळ आजोबांनी पन्नाशीच्या दशकात मुंबईहून आणलेलं, चावीचं, ओमेगाचं. मामेभाऊ आणि मामेबहीण यांच्यात वाटणी व्हायची होती आणि दोघांना पटेल असा आकडा हवा होता. दोन आकड्यांत एवढी तफावत पडल्यावर घरात कुजबुज सुरू झाली. मामींना त्याचा फार त्रास झाला. खरं तर खोटं कुणीच बोललं नव्हतं. एकाने फक्त सोनं पाहिलं होतं, दुसऱ्याने डायलवरचं नाव. घड्याळ आतून पाहायचं अजून राहिलंच होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की किंमत विचारायच्या आधी मागचं झाकण उघडून घ्या. घरी चाकूने नाही. जुन्या चावीच्या घड्याळांवर काम केलेल्या कारागिराकडून, तुमच्या डोळ्यांसमोर. झाकणाची आतली बाजू, मशीन आणि डायल यांचे जवळून फोटो काढा. पुढे कुणाशीही बोलायचं ते हे फोटो हातात घेऊन.

आम्ही इंदूरच्या एका वयस्क घड्याळजींकडे गेलो. झाकणाच्या आत कंपनीचं नाव आणि केसचा क्रमांक होता, ०.७५० हा आकडा होता आणि शेजारी एका स्त्रीच्या मुखवट्याचा बारीकसा ठसा. हा स्वित्झर्लंडचा सरकारी ठसा, हेल्वेशियाचा. तो १८ कॅरटच्या केसवर मारत. १४ कॅरटला खारीचा ठसा असे. १९९५पासून दोन्हींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. इंग्लंडमध्ये बनलेल्या केसवर तिथले ठसे असतात आणि ९ कॅरटसाठी .३७५ हा आकडा. याउलट आत '२० मायक्रॉन', 'रोल्ड गोल्ड' किंवा 'प्लाके' असं काही कोरलेलं दिसलं, तर ते सोन्याचा पत्रा किंवा मुलामा चढवलेलं घड्याळ आहे. मागचं झाकण स्टीलचं असेल तर बहुतेक वेळा तसंच असतं. वीस मायक्रॉनच्या मुलाम्यात सगळं मिळून ग्रॅमभरही सोनं भरत नाही.

आपल्याकडचा सहा अक्षरांचा एचयूआयडी त्यावर नाही म्हणून कुणी तोंड वाकडं केलं तर घाबरू नका. दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला तो २०२१मध्ये, आणि त्या सक्तीतून घड्याळं वगळलेली आहेत. सराफ्यातल्या एक्सआरएफ यंत्राचा मात्र उपयोग करून घ्या. त्याने ओरखडा पडत नाही. फक्त ते वरच्या थरापुरतंच वाचतं, त्यामुळे जाड पत्र्याला ते भरीव सोनं समजू शकतं. पट्टा अडकतो ते शिंगांचे झिजलेले कोपरे आणि झाकणाची आतली बाजू, अशा दोन्ही जागी तपासायला सांगा. कसोटीवर घासू देऊ नका. तो ओरखडा कायमचा राहतो.

सोन्याचा हिशेब त्यानंतर सोपा आहे. मशीन, काच, पट्टा बाजूला काढून रिकामी केस तोला. ती बारा ग्रॅम भरली आणि १८ कॅरटची असली, तर शुद्ध सोनं नऊ ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने होईल ती किंमत; त्याच्या खाली जायचं कारण नाही. त्याच्या वर किती, हे मशीन आणि डायल ठरवतात.

मशीनवर कंपनीचं नाव, कॅलिबरचा क्रमांक आणि ओमेगासारख्या कंपनीचा असेल तर सात-आठ आकडी अनुक्रमांक असतो. ओमेगाचे हे क्रमांक चाळीसच्या दशकाच्या मध्याला एक कोटीच्या आसपास होते आणि १९६०च्या सुमाराला पावणेदोन कोटींच्या. आमचा क्रमांक आजोबांच्या खरेदीशी जुळला. हे जुळणं फार महत्त्वाचं. बाजारात अशीही घड्याळं फिरतात ज्यांत केस खऱ्या सोन्याची, मशीन खरं स्विस, पण दोन्ही वेगवेगळ्या घड्याळांतली. सुटं सुटं तपासलं तर प्रत्येक भाग पास होतो.

आणि मग डायल. घड्याळजींनी आयग्लास माझ्या हातात दिली. मिनिटांच्या रेघा कमीजास्त जाड होत्या, नावाची अक्षरं फुगलेली, आणि सहाच्या आकड्याखाली 'स्विस मेड' हवं तिथे काहीच नव्हतं. डायल पुन्हा रंगवलेली होती. शिंगांच्या कडा पॉलिशने गोल झाल्या होत्या आणि केसच्या बाहेरच्या बाजूचा ठसा जेमतेम पुसटसा उरला होता.

मामींना लगेच आठवलं. मामेभावाच्या मुंजीआधी मामांनी घड्याळ 'साफ करायला' दिलं होतं. दुरुस्ती करणाऱ्याने आपुलकीने ते नव्यासारखं करून दिलं, मामा खूश झाले. जुन्या घड्याळांच्या खरेदीदाराला डायलवरचा पिवळटपणा आणि बारीक डाग चालतात. रंगवलेली डायल नको असते. आपल्याकडे हे इतकं सर्रास झालं आहे की परदेशातले संग्राहक रंगवलेल्या डायलच्या भारतीय घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मला याचं वाईट वाटतं, कारण नुकसान करणारे हात बहुधा प्रेमाचेच असतात.

शेवटी आकडा ठरला तो सराफापेक्षा वर आणि फ्रीगंजच्या फोटोपेक्षा बराच खाली. तो का, हे फोटोंवर बोट ठेवून सांगता आलं आणि दोघांनी मान्य केला. घड्याळ मामेबहिणीने ठेवलं, भावाला निम्मे पैसे दिले.

वर्षानुवर्षं लॉकरमध्ये पडलेलं घड्याळ असेल तर लगेच चावी देऊ नका. तेल सुकलेलं असतं आणि चक्रांची झीज होते. काट्यांवर किंवा आकड्यांवर अंधारात चमकणारा जुना लेप असेल तर खरवडू नका. साठच्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरत. सर्व्हिसिंगला देताना पावतीवर समोरच लिहून घ्या: केस पॉलिश करायची नाही, डायलला हात लावायचा नाही, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग, चावीसुद्धा, पुडीत बांधून परत द्यायचा.