जुळलेल्या आकड्याबद्दल

चि. मृण्मयीस,


अ‍ॅसिटिलफेरोसीनमधलं लोह २४.५ टक्के आलं, थिअरीशी जुळलं, म्हणून तू खूश आहेस. मी मात्र एवढ्यावर पेढे वाटणार नाही.

हिशोब बघ. शुद्ध अ‍ॅसिटिलफेरोसीनमध्ये लोह २४.४९ टक्के, ज्यापासून ते केलंस त्या फेरोसीनमध्ये ३०.०२. समजा, मालात पाचवा हिस्सा फेरोसीन तसंच उरलंय. मग आकडा २५.६ यायला हवा. पण तापवताना थोडं उडून गेलं, तर तोच खाली घसरतो. एक चूक वर चढवते, दुसरी खाली ओढते आणि वहीत २४.५ दिमाखात बसतो! म्हणून आधी टीएलसी. पुढे पळणारा पिवळा ठिपका फेरोसीनचा, मागे रेंगाळणारा नारिंगी तुझा. पुढचा दिसला, तर लोह मोजायची घाई नको, कॉलम पुन्हा चालव.

आता उडण्याबद्दल. फेरोसीन १०० अंशांच्या वर न वितळताच वाफ होऊन जायला लागतं, आणि तुझं संयुग त्याच घराण्यातलं. तेव्हा क्रुसिबलमध्ये जाळून ऑक्साइड तोलायचा सोपा मार्ग विसर. झाकणाला आतून पिवळे स्फटिक चिकटले म्हणजे लोह निघालंच. लांब मानेचा फ्लास्क घे, सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल थंड असतानाच घाल, आच हळूहळू वाढव. मध्येच निळसर-हिरवा रंग दिसला, तर काम झालं असं समजू नकोस. तो फेरोसिनियमचा, लोह अजून दोन कार्बनी कड्यांच्या मध्येच अडकलेलं असतं. दाट पांढरा धूर येईपर्यंत आणि द्रावण स्वच्छ होईपर्यंत तापव. नायट्रिक आम्ल मागे राहिलं, तर पुढचं डायक्रोमेटचं टायट्रेशन बिघडतं.

मोजणी डायक्रोमेटने कर किंवा फिनँथ्रोलिनचा नारिंगी रंग ५१० नॅनोमीटरला वाच, मला दोन्ही चालतं. ब्युरेटपाशी सहसा कोणी चुकत नाही. ब्लँक मात्र नुसत्या आम्लांचा घे, कारण आम्लातही लोह असतं.

पद्धत तपासायला तुमच्याकडे मोहर सॉल्ट वापरतात म्हणे. ते या कामाचं नाही, कारण ते उडत नाही. तुझी गळती त्यात दिसणारच नाही. संप्लवनाने शुद्ध केलेलं फेरोसीन त्याच फ्लास्कातून, त्याच आचेवर ने. ३० टक्क्यांच्या आसपास तीनदा आलं, की तुझ्या २४.५ वर मी विश्वास ठेवीन.

आणि डायजेशन लवकर व्हावं म्हणून कोणी परक्लोरिक आम्ल सुचवलं, तर सरळ नाही म्हण. सेंद्रिय पदार्थाबरोबर ते तापलं की स्फोट होतो, आणि साधा फ्यूम हूड त्याच्यासाठी नसतो.

फेरोसीनचे आकडे आले की कळव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा