मागच्या सीटवर कोण बसलंय?



या रविवारचा पाठ लिहायची सेवा आमच्या घराकडे आली. नामस्मरण, वाणीसंयम, घरातलं अन्न हे विषय आधी होऊन गेलेत. आम्ही दोघं नवरा-बायको वही घेऊन बसलो, तेव्हा मनात एकच विषय येत होता. गेलं वर्षभर आम्ही तो कुणाजवळ काढला नव्हता, कारण सांगायला लाज वाटत होती. पण आपल्या गटात पाठ लिहायचा म्हणजे आपण जे शिकलो ते मांडायचं, असंच आजवर चालत आलंय. म्हणून लिहितोय.

*घडलेली गोष्ट*

मागच्या जानेवारीत कोल्हापूरला नातेवाइकांकडे जाऊन आम्ही बेळगावला परत येत होतो. जेवणं उशिरा झाली, आईंचं बोलणं संपेना, निघायला सव्वापाच वाजले. सात वाजता केंद्रात आरती होती आणि त्या दिवशीची प्रसादाची सेवा आमच्याकडे होती. शिऱ्याचा डबा गाडीतच होता.

निपाणी मागे पडली, तवंदी घाट ओलांडला, पुढे रस्ता मोकळा दिसला. पाटीवर ८० होतं, काटा १०५ वर होता. मागे आई आणि आमची आठ वर्षांची लेक. लेक दोन सीटच्या मधून वाकून काटा वाचत होती. "नव्वद... शंभर... बाबा, एकशे पाच!" आणि आम्ही हसत होतो. शेजारून एकदा "अहो, किती पळवायलाय गाडी, आई आहेत मागं" असं म्हणून झालं. त्यावर उत्तर आलं, "गप्प बस. आरती चुकवायची आहे का?" आईंनी "दमानं घे रे बाळा" एवढंच म्हटलं आणि डोळे मिटून जप सुरू केला.

संकेश्वरच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि तिन्हीसांजेचा अंधुक उजेड. उजवीकडून बस चाललेली, त्यामुळे गाडी काढायला जागा नव्हती. ब्रेकवर उभं राहावं तसा ब्रेक दाबला. ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. बॉनेटवर उसाची दोन कांडकी पडली.

आईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, चष्मा फुटला, भुवईवर तीन टाके पडले. लेक मधल्या जागेतून पुढे फेकली गेली आणि गिअरवर आपटली. हाताला मुका मार बसला, त्यावर निभावलं. मागे कुणीच पट्टा लावला नव्हता. आरतीच्या वेळी आम्ही दवाखान्यात बाकावर बसलो होतो. शिरा गाडीभर सांडला होता.

यानंतर पंधरा दिवसांनी लेक चुलतभावाबरोबर खुर्च्या मांडून गाडी-गाडी खेळत होती. चालवायला ती, मागे भाऊ. तो काहीतरी बोलला. तिने मागे न बघता सांगितलं, "गप्प बस. आरती चुकवायची आहे का?"

त्या दिवशी आम्हाला कळलं की टाके आईंना पडले, पण शिकवण लेकीला मिळाली होती.

*आपण स्वतःला काय सांगतो*

नंतर आम्ही दोघांनी ठरवलं की ट्रॅक्टरवाल्याला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही. त्याने दिवा लावायला हवा होता हे खरंच. पण आपल्या हातात होता तो आपला वेग. तो वाढवताना आपण मनाशी काय बोलतो, हे एकेक करून लिहून काढलं. बहुतेक घरांत हीच वाक्यं निघतील.

पहिलं, "माझा हात बसलाय, मला ताबा आहे." १९८१ साली ओला स्वेन्सन या स्वीडनच्या अभ्यासकाने हा प्रश्न अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारला होता. अमेरिकेतल्या गटात ९३ टक्क्यांनी आपलं कौशल्य मधल्या चालकापेक्षा वरचं असल्याचं सांगितलं. निम्म्याहून जास्त माणसं मधल्यापेक्षा वरची असूच शकत नाहीत. म्हणजे कित्येकांचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकलेला होता. सत्संगात आपण अहंकाराबद्दल इतकं ऐकतो, पण स्टिअरिंग हातात आलं की तो शेजारी येऊन बसतो हे लक्षात येत नाही.

दुसरं, "उशीर झालाय." याचं गणित मांडू. पन्नास किलोमीटर अंतर ८० च्या वेगाने साडेसदतीस मिनिटांत होतं, १०० च्या वेगाने तीस मिनिटांत. वाचली साडेसात मिनिटं, तीही वाटेत गाव, टोलनाका, सिग्नल काहीच लागलं नाही तर. एवढा वेळ तर आपण निघताना दारात चपला घालून बोलण्यात घालवतो.

तिसरं, "गुरू पाठीशी आहेत." डॅशबोर्डवर सद्गुरूंचा फोटो आमच्याही गाडीत आहे. पण फोटो समोर ठेवून पाटी मोडायची आणि सांभाळायचं काम त्यांच्यावर टाकायचं, ही श्रद्धा म्हणायची की सोय, याचा आम्ही विचार केला. उत्तर आम्हाला आवडलं नाही.

चौथं वाक्य सगळ्यांत गोड आहे: "घरची माणसं असली की मी हळूच चालवतो." यावर जरा थांबायला हवं.

*घरचे सोबत असताना*

आम्ही एक महिना वही ठेवली. प्रत्येक प्रवासानंतर खरं खरं लिहायचं, पाटी मोडली का आणि का मोडली. एकटं असताना रोजच मोडली होती, कारण लिहायचीही गरज वाटली नाही. घरचे सोबत असताना बऱ्याचदा पाळली. पण जेव्हा मोडली, तेव्हा कारणं दोनच निघाली. एक, उशीर. दुसरं वाचून आम्हीच गप्प झालो: मागून कुणी हॉर्न दिला, किंवा कुणी कट मारून पुढे गेला. एकटं असताना माणूस ते सोडून देतो. बायको-मुलं बघत असली की मान खाली गेल्यासारखं वाटतं आणि पाय खाली दाबला जातो. म्हणजे ज्यांच्या काळजीने वेग कमी व्हायचा, त्यांच्याच समोर मोठेपणा राखायला तो वाढतो.

आणि एकटं असताना? तेव्हा "माझंच काय ते होईल" असं वाटतं. पण रस्त्यावर आपण एकटे कधीच नसतो. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्के पायी चालणारी होती. सरकारी अहवालात यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडले आहेत. आपल्या गाडीत कुणी नसलं, तरी समोरच्या स्कूटरवर कुणाची तरी लेक मागे बसलेली असते. घरच्यांसाठी पाळायची आणि परक्यांसाठी मोडायची, अशी पाटी दोन प्रकारची नसते. 'सर्वांभूती' हा शब्द आपण रोज उच्चारतो. तो घराच्या फाटकाशी संपत नाही.

*वीस किलोमीटरचा फरक*

"६० काय आणि ८० काय, वीसनेच तर जास्त," असं वाटतं. इथे मुलांना जवळ बसवून गणित करा.

अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ६० च्या वेगाने गाडी त्या सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते, ८० च्या वेगाने २२ मीटर. त्यानंतर ब्रेक लागतो. रस्ता कोरडा आणि टायर चांगले धरले, तर ६० ची गाडी आणखी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. एकूण ३७ मीटरच्या आत. ८० च्या गाडीला एकूण सुमारे ५७ मीटर लागतात.

आता खरी गोष्ट. जिथे ६० ची गाडी पूर्ण थांबलेली आहे, त्याच जागेवर ८० ची गाडी अजून सुमारे ६० च्या वेगाने चाललेली असते. एकाला फक्त धडकी भरते, दुसरा ६० ने जाऊन आदळतो. फरक वीसचा दिसतो, पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. पाऊस असेल, टायर झिजलेले असतील, गाडी माणसांनी भरलेली असेल, तर अंतर आणखी वाढतं.

संकेश्वरजवळ आम्ही वीतभर अंतरावर थांबलो त्यात आमचं कौशल्य काही नव्हतं. ट्रॅक्टर थोडा आणखी जवळ असता, तर हा पाठ दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता.

*मागचा पट्टा*

मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असं आम्हीही म्हणायचो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती. पण गाडी थांबली तरी पट्टा नसलेलं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं. त्याच वर्षी पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ जण गेल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांतले जवळपास निम्मे चालक नव्हते, सोबतचे प्रवासी होते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट लावलेली नसेल, तर गाडी चालवणारा दोषी ठरतो. मूल ऐकत नाही, ही सबब तिथे चालत नाही. खरं तर घरातही चालू नये.

*बोलणाऱ्यानं कसं बोलावं*

आता शेजारी बसणाऱ्याची बाजू. "हळू चालवा" हे वाक्य चालवणाऱ्याला टोचतं. त्याला वाटतं, माझ्या चालवण्यावर बोट ठेवलं. मग तो उलट बोलतो, आणि पुढच्या वेळी बोलणारी गप्प बसते. आई जप करत होत्या तो भक्तीने की भीतीने, हे आम्ही त्यांना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "तू रागावशील म्हणून गप्प बसले रे." ज्या घरात म्हातारं माणूस भीतीने गप्प बसतं, त्या घरात काहीतरी चुकतंय.

आम्ही एक युक्ती केली. माणसाबद्दल बोलायचं नाही, पाटीबद्दल बोलायचं. "ऐंशीची पाटी आहे," एवढंच. त्यात राग नाही, टोमणा नाही. आणि चालवणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, पाय उचलायचा.

*विवेक कुठे बसतो*

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलंय, इंद्रियं घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. आपण हे दृष्टांत म्हणून ऐकतो आणि घरी येतो. पण घरी येताना आपण खरोखरच सारथी असतो. मागे आपली माणसं बसलेली असतात आणि लगाम पायाखाली असतो. घाई, मोठेपणा, राग हे घोडे तिथे प्रत्यक्ष ओढताना दिसतात. ध्यानाला बसल्यावर मन आवरलं की नाही हे कळायला वेळ लागतो. गाडीत मात्र काट्याकडे पाहिलं की लगेच कळतं. साधनेला याहून सोपी परीक्षा कुठली मिळणार?

*या आठवड्याचा अभ्यास*

१. गाडी सुरू करण्याआधी एकदा नाम घ्या आणि मग मागे वळून पाहा. सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

२. सेवेला, लग्नाला, स्टेशनवर कुठेही जायचं असो, पंधरा मिनिटं आधी निघा. उशीर झालाच तर केंद्रात फोन करा. आमची केंद्रांनाही विनंती आहे, कुणी उशिरा आलं तर कपाळाला आठी घालू नका. प्रसादाची सेवा दुसरं घर सांभाळेल.

३. सात दिवस वही ठेवा. एकटे असताना आणि घरचे असताना, पाटी मोडली का, का मोडली. कुणाला दाखवायची नाही.

४. दुचाकीवाल्या बंधू-भगिनींनाही हा पाठ तसाच लागू. मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, हे आधी पाहा.

रविवारी जेवण झाल्यावर घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्क माणसाला एकच प्रश्न विचारा: "आपल्या गाडीत तुम्हाला भीती वाटते का?" उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.

आम्ही विचारला तेव्हा आईंनी आधी भुवईवरच्या खुणेला हात लावला, मग "आता नाही" म्हणाल्या. लेक आता काटा वाचत नाही. पट्टा लावून मागे बसते आणि पाट्या मोठ्याने वाचते. गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने आलो. आरतीला दहा मिनिटं उशीर झाला. शिरा मात्र डब्यातच राहिला.

जय सद्गुरू 🙏