रुग्णाची माहिती : एक अमानत



आजच्या पाठाचा विषय अमानत हा आहे. अमानत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेजाऱ्याने सांभाळायला दिलेले दागिने येतात, प्रवासाला निघालेल्या नातेवाइकाने ठेवलेली रक्कम येते किंवा मशिदीच्या पेटीतील वर्गणी येते. अशा ठेवीला हात लावताना सामान्य मुसलमानाच्या मनातही अल्लाहचे भय जागे होते. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात अशी एक ठेव असते, जिची गणना आपण अमानतीत करीतच नाही. ती ठेव म्हणजे आजारी माणसाची माहिती.

पूर्वी ही माहिती डॉक्टरांच्या स्मरणात, रुग्णालयाच्या केसपेपरवर आणि घरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या पिशवीत असे. आज रक्त तपासणीचा रिपोर्ट थेट मोबाइलवर येतो. वृद्ध आई-वडिलांकडे साधा फोन असतो, म्हणून तो मुलाच्या किंवा भाच्याच्या फोनवर मागवला जातो. तेथून तो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये जातो आणि पुढे कोठे कोठे पोहोचतो, याचा हिशेब कोणाजवळ नसतो. दागिना चोरीला गेला तर मालकाला कळते. माहितीची प्रत निघते तेव्हा मूळ कागद जागच्या जागी राहतो, म्हणून चोरी झाली हे मालकाला कळतही नाही. साधन नवे आहे, परंतु त्याविषयीचा हुकूम नवा नाही.

अमानतीचा व्यापक अर्थ

पवित्र कुरआनच्या सूरह निसा, आयत ५८ मध्ये अल्लाहने अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचत्या करण्याचा आदेश दिला आहे. विद्वानांनी या आदेशात धनाबरोबरच पद, साक्ष, सल्ला आणि गुपित यांचाही समावेश केला आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांतील एका हदीसचा आशय असा की, एखादा माणूस बोलता बोलता आजूबाजूला पाहतो, तेव्हा त्याचे ते बोलणे ऐकणाऱ्याजवळ अमानत होते. येथे थोडे थांबून विचार करावा. त्या माणसाने ‘कोणाला सांगू नका’ असे म्हटलेले नाही. त्याने केवळ मान वळवून पाहिले, आणि तेवढ्यानेच ऐकणाऱ्यावर जबाबदारी आली.

मग जो रुग्ण दवाखान्याचे दार लोटून घेतो, पडद्याआड जातो आणि हळू आवाजात आपली व्यथा सांगतो, त्याचे बोलणे अमानत नाही तर काय आहे? ही जबाबदारी केवळ डॉक्टरांची नाही. केसपेपर काढणारा कर्मचारी, तपासणी करणारा तंत्रज्ञ, औषध देणारा दुकानदार, सोबत गेलेला शेजारी आणि ज्याच्या फोनवर रिपोर्ट आला तो नातेवाईक हे सर्व त्या ठेवीचे राखणदार आहेत.

ह. अनस (रजि.) लहान असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना एका कामासाठी पाठविले. घरी परतण्यास उशीर झाला तेव्हा आईने कारण विचारले. ते काम गुपित आहे, असे त्यांनी सांगितले. आईने आग्रह धरला नाही. उलट प्रेषितांचे गुपित कोणालाही सांगू नकोस, अशीच ताकीद दिली (मुस्लिम). मुलाने आईजवळही गुपित उघड केले नाही आणि आईनेही त्यात आपला अपमान मानला नाही. आपल्या घरात ‘आमच्यापासून काय लपवायचे?’ हा प्रश्न फार सहज विचारला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर या प्रसंगात आहे.

परवानगी नजरेसाठी आहे

सूरह नूर, आयत २७ मध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी व सलाम याशिवाय प्रवेश करण्यास मनाई केली आहे. एकदा एक माणूस प्रेषित (स.) यांच्या घरात छिद्रातून डोकावत होता. तेव्हा प्रेषितांनी त्याला कठोर शब्दांत सुनावले आणि परवानगी घेण्याचा नियम नजरेसाठीच ठरविण्यात आला आहे, असे स्पष्ट केले (बुखारी, मुस्लिम). त्या माणसाचे पाऊल उंबऱ्याच्या बाहेरच होते; अपराध डोळ्यांनी घडला होता. दुसऱ्याच्या फोनमधील रिपोर्ट उघडणे, रुग्णालयाच्या संगणकावर ओळखीच्या माणसाचे नाव घालून त्याचा आजार शोधणे, ही त्या छिद्रातून डोकावण्याचीच आजची रूपे आहेत.

आपल्या देशातील आरोग्य माहितीची नवी व्यवस्थाही परवानगीवरच उभारलेली आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक ऐच्छिक आहे. त्याद्वारे आपले जुने रिपोर्ट नव्या डॉक्टरांना दाखवायचे असतील तर आपली संमती लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. पुष्कळ लोक आभा आणि मोफत उपचारांचे आयुष्मान कार्ड एकच समजतात. ते चूक आहे. आभा हा नोंदींचा क्रमांक आहे, तर आयुष्मान कार्ड योजनेच्या लाभार्थ्याचे. म्हणून कोणी फोनवर आलेला ओटीपी मागितला तर तो कशासाठी आहे हे आधी विचारावे. ओटीपी सांगणे म्हणजे संमतीवर अंगठा उमटविणे होय. निरक्षर आजीच्या वतीने आपण तो सांगत असू, तर तिला समजावून सांगणे हा तिचा हक्क आणि आपले कर्तव्य आहे.

खरे असले तरी

येथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : ‘आम्ही खोटे काय सांगितले? रिपोर्टात आहे तेच सांगितले.’ प्रेषित (स.) यांनी या युक्तिवादाचे दार केव्हाच बंद केले आहे. आपल्या भावाविषयी त्याला अप्रिय वाटेल ते त्याच्या पाठीमागे बोलणे ही गीबत आहे. ते त्याच्यात असेल तर गीबत, आणि नसेल तर तो बोहतान, म्हणजे खोटा आळ होय (मुस्लिम). सूरह हुजुरात, आयत १२ मध्ये संशय, हेरगिरी आणि गीबत यांची मनाई एकाच ठिकाणी आली आहे. संशयातून माणूस शोध घेतो आणि शोधातून चर्चा जन्मते.

या चर्चेचा परिणाम केवळ मन दुखावण्यापुरता राहत नाही. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयरोगावर साधारण सहा महिने नियमित औषध घ्यावे लागते. मध्येच औषध सोडले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि उपचार अधिक दीर्घ व अवघड होतात. आता एखाद्या तरुणीच्या रिपोर्टची बातमी षट्कर्णी झाली आणि तिच्या लग्नाची बोलणी थांबली, असे मोहल्ल्यातील दुसऱ्या मुलीने पाहिले, तर ती खोकला लपवील. तिचे आई-वडील तपासणीला जाणार नाहीत, आणि आजार घरात पसरेल. मानसिक आजाराचे व वंध्यत्वाचेही असेच होते. गुपित फोडणारा केवळ एका रुग्णावर अन्याय करीत नाही. पुढच्या दहा रुग्णांसाठी तो दवाखान्याचे दार लावून घेतो.

कायद्याने काही संरक्षण दिले आहे. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्यात रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क नमूद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. मात्र त्याच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. एखादी व्यक्ती खाजगी वा घरगुती कारणासाठी जी माहिती हाताळते, तिला हा कायदा लागू नाही. जी माहिती माणसाने स्वतःच सार्वजनिक केली, तिलाही त्याचे संरक्षण नाही. म्हणजे रुग्णालयाला जाब विचारता येईल. पण घरातील फोन, नातेवाइकांचा ग्रुप आणि दारातल्या गप्पा येथे हा कायदा पोहोचत नाही. तेथे राखण करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तकवा. कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांविषयी विचारणा होणार आहे, हे सूरह बनी इस्राईल, आयत ३६ मध्ये सांगितले आहे. मोबाइलवर फिरणारा अंगठा हा त्या डोळ्यांचा आणि अंतःकरणाचाच हस्तक आहे.

जेथे सांगणे हेच कर्तव्य आहे

गुप्तता राखणे म्हणजे प्रत्येक ठिकाणी मौन धारण करणे नव्हे. डॉक्टरांपासून जुना आजार किंवा चालू औषध लपविणे हे स्वतःच्या जिवावर संकट ओढवून घेणे आहे. शासनाला कळविणे हेही गुपित फोडणे नव्हे. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळविणे २०१२ पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे. त्या नोंदीमुळेच उपचारांचा पाठपुरावा होतो आणि निक्षय पोषण योजनेतील आहाराची रक्कम रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते.

विवाहाच्या प्रश्नात ह. फातिमा बिन्त कैस (रजि.) यांचा प्रसंग मार्गदर्शक आहे. त्यांनी आपल्याला आलेल्या दोन मागण्यांविषयी प्रेषित (स.) यांचा सल्ला विचारला. प्रेषितांनी एकाच्या गरिबीचा आणि दुसऱ्याच्या कठोर स्वभावाचा उल्लेख केला व तिसरे स्थळ सुचविले (मुस्लिम). यातून तीन अटी लक्षात येतात. विचारणारी व्यक्ती हक्कदार होती, हेतू हिताचा होता आणि निर्णयासाठी जेवढे आवश्यक तेवढेच सांगितले गेले. म्हणून वैवाहिक जीवनावर परिणाम करणारा गंभीर आजार असेल, तर तो होणाऱ्या जोडीदारापासून दडवून निकाह लावणे ही फसवणूक आहे. पण ती माहिती रुग्णाने किंवा त्याच्या संमतीने वडीलधाऱ्याने, दोन्ही बाजूंच्या जबाबदार व्यक्तींमध्येच सांगावी. स्थळ नाकारले गेले तरी ती माहिती ऐकणाऱ्याजवळ अमानतच राहते. गरजेमुळे मिळालेली मोकळीक गरजेपुरतीच असते, हे फिक्हचे प्रसिद्ध सूत्र येथे लागू पडते.

मदतीचे आवाहन करताना

आपल्या जमातीत चांगल्या हेतूने होणारी एक मोठी चूक येथे सांगणे आवश्यक आहे. एखाद्या गरीब रुग्णासाठी पैसे जमवायचे असतात. मग अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या अवस्थेतील त्याचे छायाचित्र, संपूर्ण रिपोर्ट, आधार कार्ड आणि फोन क्रमांक अनेक ग्रुपमध्ये टाकले जातात. रक्कम जमते, रुग्ण घरी येतो. छायाचित्र मात्र वर्षानुवर्षे फिरत राहते. गरिबी हे कोणाची लाज उघडी करण्याचे परवानापत्र नाही. सूरह बकरा, आयत २७१ मध्ये दान उघडपणे देणे चांगले म्हटले आहे, पण गरजवंताला गुपचूप देणे अधिक उत्तम ठरविले आहे. देणाऱ्यासाठी जर गुप्ततेला एवढे मोल, तर घेणाऱ्याच्या अब्रूचे मोल किती असेल?

यासाठी पुढील पद्धत ठेवावी. प्रथम रुग्णाची, आणि तो शुद्धीवर नसेल तर जवळच्या वारसाची परवानगी घ्यावी. जमातीतील दोन विश्वासू व्यक्तींनी कागदपत्रे व खर्चाचा अंदाज रुग्णालयात जाऊन पडताळावा. आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा सूरह हुजुरात, आयत ६ मधील आदेश येथेही पाळावा. आवाहनात ‘आपल्या भागातील एका रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी अमुक रक्कम हवी आहे, कागदपत्रे पाहिली आहेत’ एवढेच लिहावे व त्या दोन व्यक्तींशी संपर्क साधण्यास सांगावे. शक्य असल्यास पैसे रुग्णालयाच्या खात्यात भरावेत. काम पूर्ण होताच आवाहन काढून टाकावे. त्याहीआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तसेच महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दराने राखीव असतात, हेही ध्यानात ठेवावे.

नोंद जपणे हीही अमानत

माहिती झाकणे जसे कर्तव्य आहे, तसे ती सुरक्षित ठेवणेही. नोंदींचे महत्त्व आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. नवव्या-दहाव्या शतकांतील थोर वैद्य अबू बक्र अल-राजी रुग्णांची लक्षणे व उपचारांचा परिणाम लिहून ठेवीत. त्यांच्या टिपणांतूनच मृत्यूनंतर ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध झाला. आजची यंत्रे ते काम वेगाने करतात, पण ती अजिंक्य नाहीत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे हाताने करावी लागली. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घरी असावी. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाने आपल्या नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हा हक्क नम्रपणे पण निश्चितपणे वापरावा.

चिंतनासाठी

या आठवड्यात घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि आपापला फोन उघडावा. इतरांचे कोणते रिपोर्ट, कोणती छायाचित्रे त्यात आहेत ते पाहावे आणि प्रत्येकाविषयी तीन प्रश्न विचारावेत : ही माहिती कोणाची आहे? ती ठेवण्याची परवानगी मला कोणी दिली? आता तिची गरज उरली आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘दुसऱ्याची’ आणि उरलेल्या दोन्हींचे ‘नाही’ असेल, तर ती पुसून टाकावी. मुलांसमोर हे करावे. अमानत हा शब्द त्यांना शिकवण्यासाठी याहून सोपा धडा नाही.

जो मुसलमान दुसऱ्या मुसलमानाचे झाकतो, त्याचे अल्लाह इहलोकी व परलोकी झाकतो, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आली आहे (मुस्लिम). आपल्यालाही त्या झाकणाची गरज पडणार आहे. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो, आणि आपल्या जिभेला, नजरेला व बोटांना अमानत सांभाळण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.