तंबाखूचा हिशेब कोणाला द्यायचा?

प्रश्न : वय ४१. गावातल्या पतसंस्थेत नोकरी. कॉलेजपासून तंबाखू-चुना खातो, दिवसाला एक पुडी सहज संपते. देवीसमोर शपथ घेऊन झाली, गेल्या दिवाळीत मुलीच्या डोक्यावर हात ठेवूनही घेतली. आठ-दहा दिवस जमतं, मग पुन्हा सुरू. आता घरच्यांना वाटतं सुटली आहे, आणि मी चोरून खातो. एक मित्र म्हणतो, रोज कोणाला तरी हिशेब द्यायला लाग. पण माझाच निग्रह कच्चा असेल तर दुसऱ्याला सांगून सवय कशी सुटेल?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : तुमचा मित्र बरोबर सांगतोय, आणि त्याचा पुरावा तुमच्या पतसंस्थेतच आहे. पिग्मीचे खातेदार आठवा. रोज पन्नास रुपये बाजूला टाकण्याची ऐपत भाजीवाल्याकडे आधीही होती. पण एजंट संध्याकाळी गाळ्यासमोर येऊन उभा राहायला लागला तेव्हा कुठे ते साठले. एजंट उपदेश करत नाही, रागावत नाही. एखाद्या दिवशी पैसे नसले तर 'उद्या द्या' म्हणून पुढे जातो, आणि उद्या नक्की येतो. तुम्हाला असा माणूस हवा आहे.

शपथेत असा माणूस नसतो. ती एकदाच घेतली जाते आणि एकदाच मोडते. पहिल्या चिमटीला मोडली की पुढच्या दहा चिमटींना अडवायला काही उरत नाही. मागे राहते ती लाज, आणि लाजेपोटी लपवाछपवी.

निग्रह कच्चा आहे हे मात्र मला मुळीच मान्य नाही. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून तलफ दिवसभर थांबून थांबून येते आणि सकाळी उठल्याउठल्या सर्वांत जोरात. खाणं बंद केल्यावर चिडचिड होते, झोप उडते, कशातच लक्ष लागत नाही. या त्रासाचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत तो ओसरतो. तुम्ही दर वेळी आठ-दहा दिवस काढलेत, म्हणजे सर्वांत अवघड घाट दर वेळी चढून गेलात. मग पुढे काय झालं? नीट आठवून पाहा. बहुतेक वेळा समोरच्याने मळून, थाप मारून तळहात पुढे केलेला असतो. आपल्याकडे तंबाखू ही एकट्याने खायची वस्तूच नाही. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाकडेही ती मागता येते, आणि पुढे केलेली नाकारणं तुटकपणाचं वाटतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले. चौघांत जवळपास एक! इतके हात पुढे येत असताना एकट्याच्या मनावर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे.

याला उत्तर आपल्याच समाजात आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस मांसाहार आणि दारू सोडतो आणि वर्षानुवर्षं पाळतो. त्याचीही सुरुवात संकल्पानेच होते. पण माळ सगळ्यांना दिसते, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत त्याला कोणी आग्रह करत नाही. एकादशी पंधरा दिवसांनी येते, वारी दर वर्षी येते, दिंडीतली माणसं तीच असतात. त्याचा संकल्प रोज कोणाच्या तरी नजरेखाली असतो. तुम्ही मात्र घरी 'सुटली' असं जाहीर करून ती नजरच बंद करून घेतलीत.

दारूच्या बाबतीतली एक घटना मला फार मोलाची वाटते. १९३५ चा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा, काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला शेअर दलाल एका हॉटेलात उतरला होता. ज्या कामासाठी आला ते फसलेलं, खिशात फार पैसे नाहीत, आणि हॉटेलच्या बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज येताहेत. तो बारकडे वळला नाही, फोनकडे गेला. गावातल्या चर्चची यादी बघून त्याने फोन लावायला सुरुवात केली. त्याला भेटायचं होतं दारूशी झगडणाऱ्या दुसऱ्या माणसाला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. त्या संध्याकाळी त्याने धर्मोपदेशक मागितला नाही, बरोबरीचा माणूस मागितला, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांचा आधार हा उपचाराचा मोठा भाग राहिला आहे.

तेव्हा माणूस निवडताना बायको किंवा मुलगी नको. तुम्ही घसरलात की त्यांना दुखतं, आणि त्यांना दुखू नये म्हणून तुम्ही खोटं बोलाल. मुलीला एकदा सरळ सांगा, 'शपथ मोडली, त्यात तुझं काही वाईट होणार नाही, मी दुसरा मार्ग धरतोय.' तिला पहारेकरी करू नका. स्वतः तंबाखू सोडलेला एखादा सहकारी, मेहुणा, किंवा हा मित्रच चालेल, फक्त तो स्वतः खाणारा नसावा.

रात्री ठरलेल्या वेळी दोन मिनिटांचा फोन. त्याने 'सोडलीस का?' असं विचारायचं नाही, 'आज किती?' एवढंच विचारायचं. तुम्ही आकडा सांगायचा, आणि प्रत्येक वेळ कुठे, कोणाबरोबर, ते सांगायचं. त्यासाठी खिशात लहान डायरी ठेवा आणि चिमूट तोंडात टाकायच्या आधी लिहा. नंतर लिहिलेला नुसता हिशेब होतो; आधी लिहिताना हात थांबतो. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांची असते, आणि पेन शोधण्यात त्यातली थोडी निघून जाते. पहिल्या आठवड्यात आकडा कमी झाला नाही तरी चालेल. तो खरा असला पाहिजे. आठवड्याच्या शेवटी डायरीत तीन-चार जागा पुन्हा पुन्हा दिसतील, उदाहरणार्थ जेवणानंतरची टपरी. मग सोडायची तारीख ठरवा आणि त्या टपरीवरच्या माणसांना स्वतःहून सांगा, 'मला देऊ नका.' हे अवघड आहे, पण यातून सर्वांत जास्त मिळतं.

पैसेही लावता येतात. २००६ च्या सुमारास फिलिपिन्समधल्या एका बँकेने सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक खातं काढलं. सहा महिने पैसे भरायचे, मग लघवीची तपासणी. निकोटिन आढळलं तर सगळी रक्कम धर्मादाय कामाला. ज्यांना हे खातं देऊ केलं त्यांच्यातले जेमतेम ११ टक्के तयार झाले. तरीही, नुसती माहिती दिलेल्या लोकांपेक्षा खातं देऊ केलेल्या गटात सिगारेट सुटलेले जास्त निघाले, आणि वर्षाने अचानक घेतलेल्या तपासणीतही हा फरक टिकून होता. तुम्ही मित्राकडे ठरावीक रक्कम ठेवू शकता, पण एक अट घाला: पैसे जातील ते हिशेब चुकवल्याबद्दल किंवा खोटा दिल्याबद्दल, तंबाखू खाल्ल्याबद्दल नाही.

दारूशी झगडणाऱ्या वाचकांनी मात्र एक सांभाळावं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास फिट येणं, भ्रम होणं असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टर. तंबाखूत तो धोका नाही. तुमची ओढ फार तीव्र असेल तर निकोटिनच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. ती च्युइंगमसारखी सतत चघळायची नसते. चव तिखट लागली की गालात ठेवून द्यायची. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. आणि या आठवड्यात दंतवैद्याकडे जाऊन तोंड तपासून घ्या. इतकी वर्षं खाल्ल्यावर पांढरे चट्टे, न भरणारी जखम किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं यांपैकी काहीही दिसलं तर सोडण्याची तारीख येईपर्यंत थांबू नका.