आधी मीटर, मग बॅटरी

सेल मारला, मोटरसायकलनं नुसतं कट-कट केलं, की लगेच फोन काढून नवी बॅटरी मागवायची, ही सवय लावून घेऊ नकोस, पोरी. बॅटरी बसली हे खरं, पण तिला रिकामं करणारा चोर बहुतेक वेळा गाडीत दुसरीकडेच लपलेला असतो. तो तसाच राहिला तर नवी बॅटरीही महिनाभरात उतरते, आणि इथे मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत बॅटरी काही पुण्यातल्या नाना पेठेच्या भावात मिळत नाही.

म्हणून पहिली खरेदी मल्टीमीटरची. साधा, स्वस्तातला पुरतो. माझा स्पॅग्जमधला आहे. रूट ९ वरचं १९३४ सालचं ते दुकान कधीच गेलं, मीटर मात्र अजून बरोबर आकडा दाखवतो. आपल्याकडच्या जुन्या बुलेटला हेडलाइटच्या वर अँमीटर असायचा. काटा उणेकडे झुकला की चालवणाऱ्याला रस्त्यातच कळायचं, चार्जिंग होत नाहीये. आताच्या गाड्यांवर सतरा दिवे असतात, पण ती एक गोष्ट बहुतेक गाड्या सांगत नाहीत.

मोजायचं ते असं. गाडी रात्रभर उभी राहू दे. सकाळी चावी बंद ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लाव. १२.७ व्होल्ट किंवा वर असेल तर पोट भरलेलं आहे. १२.४ दिसलं तर चार्जरला लाव. १२ किंवा त्याच्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी. नुकतीच चार्ज करून लगेच मोजलीस तर १३ च्या वर दिसेल. त्या आकड्यावर जाऊ नकोस, काही तास थांब. आता मीटर तसाच ठेवून सेल मार. आकडा खाली जाणारच, स्टार्टर त्या क्षणी प्रचंड करंट ओढतो. पण आधी १२.७ होता आणि आता ९ कडे घसरला, तर ती बॅटरी खरंच गेली. व्होल्ट आहेत, दम नाही. मग गाडी सुरू करून रेस थोडी वाढव, चार-पाच हजार आरपीएमपर्यंत. १३.८ ते १४.५ च्या मध्ये आकडा स्थिरावला तर चार्जिंग ठीक. १३ च्या खालीच रेंगाळला तर बॅटरीला काही पोचत नाही. १५ च्या वर गेला तर गाडी लगेच बंद कर. रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे आरआर युनिट, बिघडलंय आणि बॅटरी आतून शिजतेय. सडक्या अंड्याचा वास आला तर मीटरचीही गरज नाही.

चार्जिंग होत नसेल तर लोक आधी आरआर युनिट बदलतात, कारण ते दिसतं आणि बदलायला सोपं. माझं ऐकशील तर आधी कपलर उघडून बघ. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते वसंतातही रस्त्याच्या कडेला असतंच. तारांच्या जोडात ते शिरलं की पितळेवर हिरवी बुरशी चढते, जोड तापतो, प्लास्टिक तपकिरी पडतं. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात, हा माझा अंदाज. बॅटरीच्या टर्मिनलवरचं पांढरं-हिरवं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धू, कोरडं कर, बोल्ट घट्ट आवळ, वरून व्हॅसलीनचं बोट फिरव.

जोड स्वच्छ असूनही आकडा वर येत नसेल तर मॅग्नेटच्या कॉइलकडे जा. तिथून बहुतेक गाड्यांत एकाच रंगाच्या तीन तारा येतात. कपलर सोड, इंजिन बंद ठेव. तिन्हींतल्या कुठल्याही तारेचा गाडीच्या सांगाड्याशी संपर्क दिसता कामा नये. दिसला, तर कॉइल जळून अर्थ झाली. मग इंजिन चालू करून मीटर एसीवर ठेव आणि दोन-दोन तारा जोडीनं मोज. तिन्ही जोड्यांचा आकडा सारखा यायला हवा आणि रेसबरोबर वाढायला हवा. व्होल्ट बरेच असतात, उघड्या तारांना हात लावू नकोस. कॉइल नीट निघाली, जोड नीट निघाले, तरच आरआर युनिटला दोष दे. त्या बिचाऱ्याचं कामच वाईट. मॅग्नेट कधी बंद होत नाही, तेव्हा जास्तीचा करंट स्वतःत जिरवून ते कायम तापत राहतं. त्याच्यासमोर बॅग बांधून वारा अडवू नकोस.

बॅटरीचं हे दुखणं आपल्या राज्याला नवीन नाही. इथून तासाभराच्या अंतरावर स्प्रिंगफील्ड आहे, जिथे १९०१ मध्ये इंडियन मोटरसायकलची कंपनी सुरू झाली. तिनं १९१४ मध्ये हेंडी स्पेशल नावाची गाडी काढली, सेल स्टार्टरची. त्या काळी हे अप्रूपच. पण तेव्हाच्या बॅटऱ्यांना ते ओझं पेललं नाही, त्या उतरायच्या, आणि कंपनीला ते मॉडेल गुंडाळावं लागलं. स्प्रिंगफील्डच्या इतिहास संग्रहालयात इंडियनच्या गाड्यांचा मोठा संग्रह आहे. एकदा जाऊन ये, मी सोबत येईन.

आता थंडीचं. पुण्यात गाडी पडून असली तर शेजाऱ्याला सांगून जातात, रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेव. इथे ते करू नकोस. थंडगार इंजिन सुरू करायला बॅटरी जेवढं देते, तेवढं पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत मिळत नाही, कारण त्या रेसला हेडलाइट आणि फ्युएल पंप भागवूनच मॅग्नेट थकतो. म्हणजे दर रविवारी थोडी-थोडी उतरते. शिवाय बंद गॅरेजमध्ये धूर कोंडतो, त्यानं माणूस मरतो. त्यापेक्षा नोव्हेंबरात बॅटरी काढून तळघरात आण आणि आपोआप थांबणाऱ्या मेंटेनरला लाव. गॅरेजमध्येच ठेवायची असेल तर पूर्ण चार्ज ठेव. भरलेली बॅटरी इथल्या कुठल्याही रात्री गोठत नाही. उतरलेली मात्र उणे ७-८ सेल्सिअसला, म्हणजे १९ फॅरनहाइटच्या आसपास गोठते, आणि जानेवारीत तेवढं रोजचंच. फुगलेली किंवा गोठलेली बॅटरी चार्जरला लावू नकोस. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं तुझी मामी सांगेल. रबरी डब्यांच्या काळातली गोष्ट आहे ती. पाटावर ठेवायची तर ठेव, मामीचं मन राहील.

काढताना आधी उणे टोक सोड, लावताना ते शेवटी लाव. पाना सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बांगडी, अंगठी काढून ठेव, इथे हट्ट नको. चार्जर लावताना बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश करंट पुरतो. १० अँपिअर-तासाच्या बॅटरीला एक अँपिअर. गाडी रस्त्यात अडली आणि मोटारीवरून जंप करायची वेळ आली तर मोटारीचं इंजिन बंद ठेवून कर. रूट ९ च्या उतारावर ढकलून सुरू करण्याचा मोह होईल. तुझी गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे. बॅटरी पार बसली असेल तर पंपच चालणार नाही, लेक क्विन्सिगामंडच्या पुलापर्यंत लोटत गेलीस तरी.

उभ्या गाडीची बॅटरी दोन-तीन आठवड्यांत उतरत असेल तर कुणीतरी गुपचूप पितंय. मीटर अँपिअरवर ठेवून उणे टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये लाव, चावी बंद असू दे, सेल मारू नकोस. घड्याळाचे दोन-चार मिलिअँपिअर चालतात. २० दिसले तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास गेला. १० ची बॅटरी तीन आठवड्यांत संपली. फ्यूज एकेक काढून बघ, ज्यानं आकडा पडला ती ओळ पकड. अलार्म, ट्रॅकर किंवा थेट बॅटरीवर जोडलेला फोनचा सॉकेट, यांतलंच एक निघेल. चालू गाडीत असाच पिणारा म्हणजे गरम जाकीट: ते ७०-८० वॅट खातं, आणि आयडलिंगला मॅग्नेटकडे तेवढं नसतं. लाल सिग्नलला बंद कर.

लिथियमची घ्यायचं मनात असेल तर हे सगळे आकडे विसर. ती निवांत असतानाही १३.२ च्या वर दाखवते, तिचा चार्जर वेगळा लागतो, आणि गोठवणाऱ्या थंडीत ती चार्ज करायची नसते. मी इथे घेणार नाही.

साधी नवी घेतलीस आणि दुकानात समोर ॲसिड भरून दिलं, तर लगेच गाडीत बसवू नकोस. भरल्याबरोबर ती ८० टक्क्यांच्या आसपासच असते. घरी रात्रभर सावकाश चार्ज कर, मग बसव. जुनी कचऱ्यात टाकायला मॅसॅच्युसेट्समध्ये बंदी आहे. ती दुकानातच परत दे, बिलात अनामत म्हणून लावलेले कोअरचे पैसे मागून घे, आणि पावतीवर तारीख नीट छापलीय का बघ, वॉरंटीला तीच लागते.